नाही म्हणण्यापुरता श्वास

"यावें अम्मा, बसावें. आधी कापी, मग काम."

असं म्हणून ते स्टीलचा वाफाळता टंबलर त्याच्या वाटीसकट कॅमेऱ्यापुढे ठेवायचे आणि हात जोडून मागे सरकायचे. कापी म्हणजे कॉफी. ती चेन्नईच्या मैलापुरात, आणि मी तिथून बरीच लांब, हॉस्पिटलच्या एका कोंदट खोलीत संगणकापुढे बसलेली. माझ्या पडद्यावर आधी नुसता टंबलर यायचा आणि त्याच्या मागून धापेचा आवाज. पहिल्या दिवशी मी हसून म्हटलं, "काका, मी कशी पिणार ही?" ते हसले नाहीत. म्हणाले, "परवाइल्लै. ठेवणें माझं काम. घरीं आलेल्या माणसापुढें रिकामी जागा असूं नये."

परवाइल्लै हा तमिळ शब्द. असू दे, चालेल, काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. चेन्नईत तो ऊठसूट कानावर पडतो. पण त्यांच्या तोंडून तो यायचा तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी चांगलंच बिघडलेलं असायचं, हे मला पुढे कळलं.

मी त्यांना इथे राव म्हणते. मैलापुरात राहणाऱ्या जुन्या मराठी माणसाला सगळे रावच म्हणतात, तेव्हा खरं नाव सांगितलं काय आणि न सांगितलं काय, सारखंच. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज तंजावरला गेले, तिथून पुढची पिढी मद्रासला आली, आणि येताना जे मराठी बरोबर आणलं ते त्यांनी लोणच्यासारखं जपून ठेवलं. त्यात तमिळ मुरलं होतं, पण मूळ फोड शाबूत होती. माझं साताऱ्याचं मराठी त्यांना मात्र मराठी वाटायचंच नाही. "तुम्ही फार घाईनं बोलतां," ते म्हणायचे. "कोणी मागें लागलंय काय?"

मी फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईला आले आणि छातीच्या विकारांच्या एका हॉस्पिटलात लागले. ज्यांची फुप्फुसं कायमची खराब झाली आहेत, अशांना व्यायाम शिकवणं हे माझं काम. लोकांना हे ऐकून हसू येतं. ज्याला आंघोळ करून टॉवेल गुंडाळेपर्यंत धाप लागते त्याला कसला व्यायाम? पण खरं सांगते, गेलेलं फुप्फुस परत येत नाही, तरी पाय आणि दंड बळकट केले की आहे त्या श्वासात माणूस जास्त अंतर जातो. अडचण एकच. हे करायला हॉस्पिटलात यावं लागतं, आणि ज्याला यायचं त्याला यायलाच जमत नाही.

तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच घरोघर येऊ लागलं होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात आलं की पेशंटच्या घरी संगणक आणि कॅमेरा बसवायचा, बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र द्यायचं, आणि व्यायाम आपण इथून घ्यायचे. कल्पना उत्तम होती. मोठ्या डॉक्टरांवर मी या लेखात बरंच तोंड टाकणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. राव मराठी, मीही मराठी, म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

व्यायामाला ते लग्नाला निघाल्यासारखे बसायचे. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंध. मी म्हटलं, बनियन चालेल, उकडतंय. त्यांनी मान खाली घातली. परक्या बाईसमोर बनियनवर बसायचं, हे त्यांना मेल्यावरसुद्धा जमलं नसतं. शेवटी शर्टाचं वरचं एक बटण काढायला राजी झाले, तेही कॅमेऱ्याकडे पाठ करून.

लाईन धड नव्हती. मध्येच चित्र थिजायचं. एकदा दोन्ही हात वर नेलेले राव पडद्यावर तसेच अडकले. मी इथे बटणं दाबत बसले, लाईनवाल्याला फोन केला, टेबल आवरलं. चित्र परत आलं तर हात वरच. दंड थरथरताहेत, ओठ निळसर. मी ओरडलेच, "अहो, खाली घ्या ना हात!"

"तुम्ही खालीं म्हणून सांगितलां नाहीं," ते म्हणाले. "परवाइल्लै."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बसमध्ये त्यांच्या पायावर कोणी पाय दिला तर तेच "माफ करा" म्हणतात. आपण त्यांना साधी, सज्जन म्हणतो आणि त्यांच्या पायावरून निघून जातो. मला पहिल्यापासून असल्या सज्जनपणाची चीड आहे. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. रावांच्या बाबतीत तिने याहून वाईट नातं जोडलं असतं.

त्यांच्या आजाराची सुरुवातसुद्धा भिडेतूनच झाली. मद्रासच्या बंदरात, बोटींवरून कोळसा उतरवण्याच्या जागी त्यांनी सारी उमेदीची वर्षं कारकुनी केली. काळी धूळ तर होतीच. शिवाय मी विचारलं, "सिगारेट ओढत होता का?"

"ओढत नव्हतों. घेत होतों."

"म्हणजे काय काका?"

"बोटीवरचे साहेब लोक पुढें करायचे. प्रेमानें देतात. दिलेलं कसं परतवावें?"

असे ते साहेब येत गेले, जात गेले, आणि राव कोणाचंच मन न मोडता वर्षानुवर्षं घेत गेले. स्वतःच्या खिशातून एक विडीसुद्धा कधी विकत घेतली नाही, हे मात्र अभिमानाने सांगायचे. मी कपाळाला हात लावला, तो त्यांना पडद्यावर दिसला असणार. "परवाइल्लै अम्मा," ते म्हणाले, जणू फुप्फुसं माझीच गेली होती.

श्वास सोडायची एक साधी रीत आम्ही सगळ्यांना शिकवतो. नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. मी म्हटलं, "समोर दिवा आहे आणि तो फुंकताय असं समजा." रावांचा चेहराच बदलला. "दिवा तोंडानें फुंकत नाहींत." बरोबर होतं, माझ्या आजीनेही फुंकू दिला नसता. मी म्हटलं, "बरं, गरम कॉफी फुंकताय असं समजा." आता त्यांना माझी दयाच आली. "कापी कोण फुंकतो? कापी वरून खालीं ओतून निववतात." शेवटी बासरीवर आमचा समझोता झाला. मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, मैलापुरात जिकडेतिकडे गाण्याच्या सभा भरतात. तिथल्या कुठल्याशा बासरीवाल्याला आठवून ते डोळे मिटून श्वास सोडायला लागले, तो असा लांब आणि सरळ गेला की मी यंत्राचा आकडा बघायचं विसरले.

या सगळ्या खटाटोपामागे त्यांचं एक कारण होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा शहराबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनियर. राव मैलापुरात तळ्याजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे. एकदा दूध घेऊन येताना ते जिन्यातच बसून राहिले. खालच्या शेजारीण मामींनी पाहिलं तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मुलगा धावत आला, आणि त्याने निर्वाणीचं सांगितलं. पोंगलपर्यंत, म्हणजे तिकडच्या संक्रांतीपर्यंत, बघतो. जिना उतरून, दूध घेऊन, एकट्याने परत वर येता आलं तर राहा इथे. नाहीतर सामान बांधू आणि ओरगडमला जाऊ.

मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्याच्या जागी मी असते तर पोंगलचीही वाट पाहिली नसती.

"ओरगडमला काय वाईट आहे?" मी एकदा विचारलं.

"वाईट काहीं नाहीं. लेक बरा, सून बरी. दोघं सकाळीं कामाला जातात. मग मी आणि भिंत." थांबून त्यांनी दोन श्वास घेतले. "इथें खिडकींत नुसतं बसलों तरी फूलवाला विचारतो, 'राव सार, सौख्यमा?' बरं आहे ना, म्हणून. भाजीवाली विचारते. मी बरं आहे सांगतों, आणि मग मला बरं वाटतं. तिथें कोण विचारणार?"

आता यावर फिजिओथेरपीच्या पुस्तकात उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, "मग चढूच आपण तो जिना."

आणि ते तो चढले. एका दिवसात नाही, हे सांगायला नकोच. आधी खुर्चीतून उठणं-बसणं, मग पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर करणं, मग खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालणं. मला त्यांची प्रगती यंत्रापेक्षा कॉफीवरून जास्त कळायची. सुरुवातीला ती करून आणली की राव बराच वेळ बोलू शकत नसत, नुसते हाताने 'घ्या घ्या' करायचे. हळूहळू धाप कमी झाली. एक दिवस टंबलर ठेवता ठेवता त्यांनी गल्लीतल्या भांडणाची सगळी हकीकत एका दमात सांगितली, आणि सांगून झाल्यावर दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ते लाजले. मी टाळ्या वाजवल्या.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. दर शुक्रवारी संध्याकाळी ते घरात सांब्राणी लावायचे. सांब्राणी म्हणजे आपला ऊद. निखाऱ्यावर टाकायचा आणि तो धूर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचा. तिकडे घरोघर करतात. शनिवारचे त्यांचे आकडे नेहमी खराब यायचे, आणि मला कारण कळेना. विचारलं, "घरात धूर होतो का?" तर ठाम उत्तर, "नाहीं." चुलीचा नाही, डासांच्या कॉइलचा नाही, शेजारच्या कचऱ्याचा नाही. ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे देवापुढचा धूर हा धूर नसतोच मुळी. एका शुक्रवारी व्यायाम नेमका संध्याकाळी ठेवला तेव्हा मला पडद्यावर राव दिसायच्या आधी धुराचे लोटच दिसले.

मी खूप बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "बायको लावायची. ती गेल्यापासून एक शुक्रवार चुकला नाहीं." पण पुढच्या शुक्रवारी त्यांनीच सांगितलं, "आज फुलं ठेवलों. मल्लीपू. तिला मी सांगितलों, श्वास राहिला तर तुझी आठवण राहील." त्या माणसाने कोणाला नाही म्हटलेलं मी एकदाच ऐकलं, आणि तेही मेलेल्या बायकोला. माझं म्हणणं मोठ्या डॉक्टरांपर्यंत नेलं. पेशंटना आपण जो सूचनांचा कागद देतो त्यात सिगारेट, चूल, कॉइल, सगळं आहे, त्यात ऊद आणि धूपही घाला. ते म्हणाले, "नको. लोकांच्या भावना दुखावतील." भावना जपल्या गेल्या. फुप्फुसांना भावना नसतात.

मार्गळी आली. एका सकाळी रावांचा संगणक चालूच झाला नाही. फोन केला, कोणी उचलेना. दुपारी त्यांचाच फोन. जिना उतरून, गल्ली ओलांडून, सभेत सकाळचं गाणं ऐकून, तिथल्या उपाहारगृहात डाळ-तांदळाचा पोंगल आणि वडा खाऊन, राव एकटे वर आले होते. येताना दूधही आणलं होतं. "खालच्या मामींना साक्षीला ठेवलों," ते म्हणाले, "नाहींतर लेक विश्वास ठेवणार नाहीं." मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी राहून चक्क रडले. मला असं रडायला येत नाही.

मुलाने शब्द पाळला. पोंगलला आला, बापाच्या मागून जिना उतरला-चढला, आणि राहू द्या म्हणाला. इथेच ही गोष्ट संपली असती तर मी ती कधी लिहिली नसती. सुखाने नांदणाऱ्या म्हाताऱ्यांवर लिहायला मला सुचत नाही.

आमच्या हॉस्पिटलला व्यायामासाठी नवा हॉल मिळाला. त्याच्या उद्घाटनाला आपला सर्वांत यशस्वी पेशंट म्हणून रावांचा सत्कार करायचा, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार. राव हरखून गेले. जन्मात कोणी त्यांना व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. काय बोलायचं याची दोन वाक्यं त्यांनी मला ऐकवली, दुरुस्त केली, पुन्हा ऐकवली.

उद्घाटन म्हणजे पूजा आलीच, आणि पूजा म्हणजे सांब्राणी. हे माझ्या लक्षात होतं. मी व्यवस्थापक बाईंना दोनदा जाऊन सांगितलं, धूर नको, येणारे निम्मे लोक छातीचे पेशंट आहेत. त्या म्हणाल्या, "सिगारेट थोडीच ओढणार आहे कोणी? मंगल कार्य आहे." मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, सांगतो." सांगितलं की नाही, ते त्यांना ठाऊक.

नवा हॉल वातानुकूलित. दारं-खिडक्या घट्ट बंद. मी मागच्या रांगेत, माझ्या पेशंटांच्या खुर्च्या लावत होते. पुढे वाध्यार, म्हणजे पूजा सांगणारे भटजी, मंत्र म्हणू लागले, आणि दोघेजण निखाऱ्यांचं पात्र घेऊन हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात धूर द्यायला लागले. नवी वास्तू, म्हणून ऊदही सढळ हाताने घातला होता. शहरातले छातीचे नामांकित डॉक्टर त्या धुरात हात जोडून उभे. एकाला खोकला आला, त्याने तो अदबीने रुमालात दाबला.

व्यासपीठावर राव. खांद्यावर जरीची शाल पांघरलेली, गळ्यात मोगरा-गुलाबाचा इतका जाड हार की हनुवटी वर धरावी लागत होती. कापराची आरती सत्कारमूर्ती म्हणून सर्वांत आधी त्यांच्यापुढे आली, मागोमाग निखाऱ्यांचं पात्र. मी खुर्च्यांमधून पुढे घुसले. मला वाटतं, माझ्या तोंडून "काका, मागे व्हा," असं मोठ्याने निघालं. नादस्वर, म्हणजे तिकडची सनई, जोरात चालू होता. त्यांनी मला पाहिलं. हार सावरत एक हात जरासा उचलला. ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, आणि ऐकू यायची गरजही नव्हती.

मग ते वाकले, दोन्ही तळवे ज्योतीवर धरले आणि डोळ्यांना लावले.

फोटोग्राफर म्हणाला, "सार, चेहरा धुरात गेला. पुन्हा एकदा, प्लीज."

आणि तुम्हाला सांगते, ते पुन्हा वाकले.

भाषणाची वेळ आली तेव्हा राव माईकपाशी गेले. "इथें जमलेल्या..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा तोंड उघडलं. आवाज आला नाही. हात जोडून ते खुर्चीत जाऊन बसले. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या संपायच्या आत मी व्यासपीठावर पोचले होते. जरीच्या शालीखाली बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या आणि नखं निळी पडली होती. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता, एवढी एक सोय होती.

नळ्या निघाल्यावर, ते बोलण्याइतके शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. आजारी माणसावर खेकसू नये हे मला कळतं. "घरात ऊद बंद केलात, मग तिथे काय झालं होतं? नाही म्हणता येत नव्हतं? सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात मारून घेतं का?"

मास्कच्या आतून ते सावकाश बोलले. "मान करायला बोलावलेले. इतक्या माणसांपुढें आरती परतवावी?" मग श्वास. "त्यांचं मन..." मग पुन्हा श्वास. वाक्य पुरं झालं नाही. पण मला माहीत होतं त्यात काय होतं. त्यांचं मन, यांचं मन, बोटीवरच्या साहेबांचं मन. एवढ्या सगळ्यांची मनं त्या कोळशाने भरलेल्या छातीत त्यांनी सांभाळून ठेवली होती, आणि एकाही मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

ते वाचले, पण पुन्हा तिथपर्यंत चढले नाहीत. या आजारात एक मोठा झटका मिळवलेलं सगळं घेऊन जातो. ते हॉस्पिटलात असतानाच मुलाने मैलापूरच्या खोल्या रिकाम्या केल्या. मी त्याच्याशी भांडायला गेले आणि त्याचा चेहरा पाहून परत फिरले. तो म्हणाला, "मॅडम, मी त्यांना तुमच्याकडे चांगले चालते दिले होते."

ओरगडमला त्या नव्या वसाहतीत ब्रॉडबँडची तार पोचली नव्हती. माझा पडद्यावरचा वर्ग तिथे संपला. फोनवर शिकवायचा प्रयत्न केला. दिसत नसलेल्या माणसाला हात वर करा म्हणायचं, आणि तो "केलों" म्हणणार. केले की नाही, मला काय कळणार? मला खूश ठेवायला ते काहीही "केलों" म्हणाले असते. बसने एकदा जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची. खाली रुंद रस्ता, त्यावरून नवे कोरे ट्रक एकामागे एक जाणारे, त्यांच्या चालकांना वर बघायची गरज नाही. राव पूर्ण बाह्यांच्या शर्टात बसले होते. मला पाहून उठायला गेले, ते जमलं नाही, आणि त्याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"कसे आहात?" मी विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले. "किती दिवसांनीं कोणी विचारलं," ते म्हणाले. नेहमीचं "बरं आहे" काही त्यांच्याने म्हणवलं नाही.

उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. मी मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेले. त्यांनी चष्मा काढला, खरंच वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, "चांगला माणूस. पण हा आजार असाच असतो, आज ना उद्या..." मी म्हटलं, "तो उद्या मैलापुरात यायला हवा होता." सूचनांच्या कागदात ऊद आजही नाही.

मला रावांचा राग येतो. अजून येतो. मोठ्या डॉक्टरांचा येतो, व्यवस्थापक बाईंचा येतो, त्या फोटोग्राफरचा तर येतोच. पण सर्वांत जास्त रावांचा. त्यांनी इतक्या कष्टाने कमावलेल्या श्वासातून एकच शब्द बाहेर पडायला हवा होता. तो एक सोडून त्यांना सगळे येत होते.

व्यायामाच्या हॉलमध्ये आता त्यांचा मोठा फोटो लावला आहे. दुसऱ्यांदा वाकले तेव्हाचा. जरीची शाल, हार, ज्योतीवर धरलेले हात, चेहऱ्यावर ओशाळं, आनंदी हसू. मी तो काढून टाका म्हणून सांगून पाहिलं, पण हॉस्पिटलच्या सगळ्या फोटोंत तोच चांगला आहे म्हणतात. त्याच्यासमोर रोज माझे पेशंट ओठांचा चंबू करून श्वास सोडत असतात. त्यांच्याबरोबर आलेली माणसं फोटोपाशी थांबतात आणि धूर किती सुंदर आलाय, असं एकमेकांना सांगतात.